काहीतरी चोरीला गेलंय

आपल्या घरातून काहीतरी चोरीला गेलंय हे सांगायला मोडेस्टो बाएस निघाला, त्या दुपारी अख्खं अरेगुआ गाव घोरत होतं. जागा होता तो फक्त कासिमिरो ओविएडो, आणि त्याच्यामुळे त्याची थोरली बहीण ब्लासिदा. कासिमिरो पोस्टात शिक्के मारून निवृत्त झालेला. आता तो स्वतःला गुप्तहेर म्हणवायचा, तेही इतक्या मोठ्यानं की गुप्त काही उरायचं नाही. दारावर त्याची पाटी होती : 'पाच तल्लख इंद्रियं. सहावं गरजेनुसार.' ब्लासिदाच्या मते सहावं इंद्रिय म्हणजे तीच, आणि गरज रोजच पडायची.

मोडेस्टो तांबारलेल्या डोळ्यांनी दारात उभा राहिला.

"चोरी झालीय."

"काय गेलं?"

"तेच कळत नाहीये."

कासिमिरोला इतका आनंद झाला की त्यानं टोपी उलटी घातली.

मोडेस्टोची बायको एलोदिया महिन्यापूर्वी वारली. नवव्या दिवसाची प्रार्थना आटोपून तो चर्चमधून घरी आला, आडवा झाला, आणि घरात काहीतरी कमी आहे असं त्याला वाटलं. एलोदिया नव्हती, ते तर होतंच. हे आणखी काहीतरी होतं. त्यानं चमचे मोजले, चादरी मोजल्या, कोंबड्या मोजल्या. सगळं जागच्या जागी. तेव्हापासून त्याच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. आणखी आठवडाभर झोप आली नाही तर मुलगी त्याला शहरात, असुन्सिओनला, नेणार होती आणि घर विकणार होती. त्याला घर सोडायचं नव्हतं.

"इथं कुठंतरी पाणी मुरतंय," मोडेस्टोच्या घरात पाऊल टाकताच कासिमिरो म्हणाला.

आधी डोळे कामाला लागले. भिंतीवर एक फिकट चौकोन दिसला, म्हणजे मौल्यवान तसबीर गेली. मोडेस्टो म्हणाला, तिथं कॅलेंडर होतं, ते त्यानंच काढलं. तिच्या आजारातल्या तारखा बघवेनात. मग नाक. उशी हुंगून कासिमिरोनं जाहीर केलं की चोर उंच आहे, डावखुरा आहे आणि केसांना लव्हेंडरचं तेल लावतो. ब्लासिदानं सांगितलं की ते तेल त्याच्याच डोक्याचं आहे. मग जीभ. टोपलीतला चिपा नावाचा पाव चावून तो गरजला, यातली बडीशेप पळवलीय. चिपा शेजारणीनं भाजला होता, आणि बडीशेप ती कायम विसरायची.

पण शेजारणीचा तो पाव टाळ्याला असा चिकटला की तीन तासांत पहिल्यांदाच कासिमिरोचं तोंड बंद झालं.

ब्लासिदा तेरेरे या थंड पेयासाठी गार पाणी आणायला स्वयंपाकघरात गेली. नळाखाली पत्र्याचं घमेलं होतं. कोरडं ठणठणीत. त्याच्या बुडाशी नाण्याएवढा गोल झिजलेला. ती तशीच उभी राहिली. या घरात इतकी वर्षं येऊन जे तिनं कधी लक्ष देऊन ऐकलं नव्हतं, ते आता नाही, हे तिला ऐकू आलं.

"मोडेस्टो," ती म्हणाली, "तुमचा नळ गळायचा ना हो?"

मोडेस्टो खुर्चीत बसला.

"एकोणीस वर्षं. रोज झोपताना ती म्हणायची, मोडेस्टो, तो नळ. मी म्हणायचो, सोमवारी सिरिलो येतोय. मग आम्ही झोपायचो."

समोरच्या घरातून सिरिलो प्लंबरला बोलावलं. तो टोपी हातात घेऊनच आला.

"काका, काकू गेल्या आणि मला लाज वाटली हो. तुम्ही सगळे चर्चमध्ये होतात, तेव्हा मागच्या दारानं येऊन वॉशर बदलला. पैसे नकोत मला."

कासिमिरोनं घास गिळला. "मी म्हटलं नव्हतं, पाणी मुरतंय?"

"मुरत नाहीये, हीच तर भानगड आहे," ब्लासिदा म्हणाली. "तीन इंद्रियं राबवलीस आणि कानाकडे कानाडोळा केलास."

मोडेस्टो महिन्याभरात पहिल्यांदा हसला. मग त्यानं सिरिलोला सांगितलं, नळ पुन्हा गळता कर.

"चांगला नळ बिघडवायचा कसा, काका? माझ्याकडून बिघडतं ते दुरुस्त करतानाच."

"मग दुरुस्त करायला ये."

"सोमवारी येतो," सिरिलो म्हणाला.

कासिमिरोनं वहीत 'प्रकरण निकाली' असा शिक्का मारला. मोडेस्टोनं मुलीला कळवलं की सोमवारी प्लंबर यायचाय, तोवर घर सोडता येणार नाही. झोपताना तो अंधारात तेवढंच मोठ्यानं म्हणतो, सोमवारी सिरिलो येतोय, आणि त्याला झोप लागते.

याला आता पाच सोमवार झाले. नळ अजून गळत नाही.