रडक्या कोंबड्याचा मालक

समोरच्या गाळ्यात आपलाच कोंबडा रडताना पैतूनला दिसला, तेव्हा तो मिरच्या कुटत होता.

थायलंडातल्या नखोन पथोमच्या बाजारात आजवर रडका कोंबडा एकच होता. भाजलेल्या कोंबडीला लावायच्या चटणीच्या बाटलीवर पैतूनने तो चिकटवला होता. मूळ चित्र हसऱ्या कोंबड्याचं; पण छापखान्याने डोळ्याखाली शाईचा थेंब पाडला आणि बदलून द्यायला साफ नकार दिला. आता तोच कोंबडा, त्याच थेंबासकट, चुलतभाऊ कमोनच्या बाटल्यांवर होता.

"माझी विक्री का बसली ते आज कळलं," पैतून म्हणाला.

"ट्रेडमार्क नोंदवा म्हणून मी कानीकपाळी ओरडत होते," त्याची बायको लमयोंग म्हणाली. "पण नाही. माझा कोंबडा कोण चोरणार! चोरला ना घरातल्याच माणसानं?"

पैतूनने अर्ज केला. कोंबडा नावावर झाला की कमोनचं दुकान बंद पाडायचं, एवढी एकच आशा त्याला आयुष्यात उरली होती. महिने गेले. उत्तर काही आलं नाही. त्याऐवजी छप्पर गळायला लागलं, स्कूटर बंद पडली आणि दाढ ठणकू लागली. मग लमयोंगने त्याला विहारात भन्तेंकडे नेलं.

"नावात अशुभ अक्षर आहे," भन्ते म्हणाले. "शनिवारचा जन्म आणि हे नाव? अजून जिवंत आहेस हेच नवल. बदल. आणि जुन्या नावाचं काहीही घरात ठेवू नकोस."

पैतूनचा थनकृत झाला. जिल्हा कचेरीत कुणाची भुवईही उंचावली नाही. तिथल्या निम्म्या लोकांची नावं बदललेलीच होती. नाव बदलल्याच्या दाखल्यावर जुनं नावही छापलेलं होतं, म्हणून थनकृतने तो दाखला नदीत सोडला. दाढ ठणकायची थांबली. पण जुन्या अर्जाला जुन्या नावाचं दुर्दैव चिकटलेलं असणार, हे उघड होतं. त्याने नव्या नावाने नवा अर्ज केला.

या खेपेला उत्तर लगेच आलं. अर्ज फेटाळला होता.

"हा कोंबडा दुसऱ्याच्या नावावर नोंदला गेलाय," ट्रेडमार्क कचेरीच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "कुणी पैतून म्हणून आहेत. तुम्ही त्यांची नक्कल करताय."

"बाई, तो पैतून मीच."

"मग नाव बदलल्याचा दाखला द्या."

"तो नदीत आहे."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "जिल्हा कचेरीतून दुसरी प्रत आणा."

जिल्हा कचेरीत प्रती देणाऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या. कधी येतील ते कुणालाच माहीत नव्हतं.

"आणि नावच परत बदलायचं म्हटलं तर?" थनकृतने तिथल्या कारकुनाला विचारलं.

"ते काय, दुपारपर्यंत होईल."

लमयोंग बाहेर बाकावर बसली होती. "नीट विचार करा हं," ती म्हणाली. "नशीब हवंय की कोंबडा?"

"कोंबडा."

संध्याकाळी तो पुन्हा पैतून होता आणि दाढ पुन्हा ठणकत होती. प्रमाणपत्र हातात पडताच तो सुजलेल्या गालाने तडक कमोनच्या गाळ्यात शिरला.

कमोन माश्या वारत बसला होता. त्याने प्रमाणपत्र वाचलं आणि मुकाट्याने बाटल्यांवरचे कोंबडे खरवडायला घेतले.

"दादा, मला भांडायचं नाही," कमोन म्हणाला. " एवढंच सांग, तुझ्याकडे तरी हा खपतो का?"

"माझ्याकडे? सगळं गिऱ्हाईक तू ओढलंस, आणि वर मलाच विचारतोस?"

"मी?" कमोनने मागचा पडदा सरकवला. आत छतापर्यंत कोंबडे रडत होते. "एक बाटली हलली असेल तर शपथ. तुझं जोरात चाललंय म्हणून तर मी घेतला."

"जोरात चाललंय असं कुणी सांगितलं तुला?"

"इतकी वर्षं विकतोयस. मला वाटलं, कुणीतरी घेत असेल."

कमोनने त्याच्याकडे स्टूल सरकवलं आणि पुन्हा खरवडू लागला.

लमयोंगने आत डोकावलं. "झालं का काही?"

"झालं," पैतून म्हणाला. "आता दहा वर्षं या कोंबड्याला कुणी हात लावू शकत नाही."

लमयोंगने आधी त्याचा गाळा पाहिला, मग कमोनचा.

"आत्ता तरी कोण लावतंय?" ती म्हणाली.