आबाजी आणि झबलेचोर

वैशाखात सोलापुरात कुणी "आज ऊन फार आहे हो" म्हणालं, तर शहाणा माणूस "हो ना" म्हणून कपाळ पुसतो. आबाजी विचारायचे, "पुरावा?"

साखर पेठेत बऱ्याच बिऱ्हाडांच्या एकाच घरात आम्ही भाड्यानं राहत होतो. मी शाळामास्तर, सडाफटिंग. आबाजी कोर्टात कारकून. जन्मभर दुसऱ्यांच्या जबान्या उतरवून त्यांचा माणसांवरचा विश्वास उडाला होता. भाजीवाली "वांगी आजचीच हायती, देवाशप्पत" म्हणाली, तर ते म्हणत, "देवाला साक्षीला बोलावता येत नाही. दुसरं कोण आहे?"

लग्नाला पुष्कळ वर्षं होऊन, कानशिलं पांढरी व्हायला लागल्यावर त्यांना मुलगा झाला. त्या काळी चारचौघांत बापानं स्वतःचं पोर उचलणं निर्लज्जपणाचं समजत. आबाजी कोर्टातून आले, की टोपी खुंटीला आणि पोर खांद्याला. पोराला ते 'साहेब' म्हणत. "साहेबांनी आज दुधाचा अर्ज फेटाळला." "साहेबांनी कामकाज तहकूब केलं, हळू बोला." त्यांच्या पत्नी गोदावहिनी हे सगळं ऐकून न ऐकल्यासारखं करीत. पण दोन कोर्टं चालवण्याइतकी अक्कल एकट्या त्यांच्याकडे होती.

एके दिवशी अंगणातल्या दोरीवरून साहेबांचं झबलं नाहीसं झालं. वारा असेल म्हणून सोडून दिलं. मग दुपटं गेलं. मग लंगोट. तेव्हा आबाजींनी कोट चढवला आणि घरातल्या घरात चौकशी सुरू केली.

पहिला संशयित मी. त्यांनी मला खाटेवर बसवलं आणि स्वतः साहेबांना थोपटत येरझाऱ्या घालू लागले.

"मास्तर, लग्न?"

"नाही."

"मूल?"

"अहो, लग्नच नाही तर..."

"विचारलं तेवढंच सांगा. मग झबलं नेऊन तुम्ही काय करणार? हेतू नाही. सुटलात."

दुसरी संशयित शेजारच्या रहिमतबीची शेळी. आबाजींनी तिच्यापुढं एक लंगोट धरला. शेळीनं वास घेतला आणि मान फिरवली. रहिमतबी भिंतीवरून ओरडली, "मेरी बकरी कू चोर बोलते क्या जी?" आबाजी म्हणाले, "बोलत होतो. आता निर्दोष आहे."

मग ठसे मिळावेत म्हणून त्यांनी दोरीखाली चुलीतली राख पसरली. दुपारपर्यंत ही राख कशाला, हे बघायला आलेल्या सगळ्या बिऱ्हाडांचे ठसे तिच्यात उठले. त्यात सगळ्यांत जास्त आबाजींचेच होते.

गोदावहिनी एवढंच म्हणाल्या, "जरीकाठी नवी कुंची रोज दोरीवर असते. तिला कुणी हात लावत नाही. जातं ते सगळं जुनं, वापरून विरलेलं."

"म्हणजे चोराला पारख नाही."

"चांगली आहे," गोदावहिनी म्हणाल्या. "आणि तो चोर नाही, ती आहे."

"पुरावा?"

"रविवारी दुपारी दाखवते."

रविवारी दुपारी सगळं घर झोपलेलं असताना न्हाणीच्या तट्ट्यामागं आम्ही दबा धरून बसलो. आबाजी, गोदावहिनी, साक्षीदार म्हणून मी, आणि साहेब. साहेबांना घरी ठेवायला आबाजी तयार नव्हते. साहेब किरकिरू लागले, की गोदावहिनी ओठातल्या ओठात अंगाई म्हणत आणि आबाजी त्यांना "हळू, हळू" म्हणून त्यांच्याहून मोठ्यानं दटावत.

एवढ्यात मागच्या खोलीचं दार वाजलं. तिथं मल्लय्या विणकर आणि त्याची बायको राजम्मा राहत. राजम्मा कुणाशी फारशी बोलत नसे. तिला तेव्हा दिवस गेले होते. ती दोरीपाशी आली, इकडंतिकडं पाहिलं, एक लंगोट ओढला आणि पोटाशी धरून तशीच डोळे मिटून उभी राहिली.

आबाजी उठलेच. गोदावहिनींनी त्यांच्या धोतराचा सोगा धरून त्यांना खाली बसवलं आणि साहेबांना त्यांच्या मांडीवर ठेवून त्या एकट्याच बाहेर गेल्या.

राजम्मानं लंगोट पाठीमागं लपवला. "अक्का, बोंब मारू नका. दोन लेकरं गेली माझी. आमची म्हातारी म्हनली, जगलेल्या लेकराचं कापड उशाखाली ठेव, मंजे पोटातलं जगतंय."

"मागायचं होतंस की गं."

"मागून कोन देतंय? दृष्ट लागंल म्हनतेत."

आबाजी साहेबांना घेऊन तट्ट्यामागून बाहेर आले. आता हा माणूस उलटतपासणी घेणार, म्हणून मी पुढं सरसावलो. पण त्यांनी साहेबांच्या डोक्यावरचं टोपडं उतरवलं. घामानं ओलं, तेलकट. ते राजम्मापुढं धरून म्हणाले, "हे ने. दोरीवरचं धुतलेलं असतं. त्यात काय राहतंय?"

संध्याकाळी अंगणात सगळी बिऱ्हाडं निकालाला जमली. आबाजींनी जाहीर केलं, "वानर."

"पण पंत, पुरावा?" कुणीतरी हौसेनं विचारलं.

"मी सांगतोय ना!" आबाजी खेकसले आणि घरात गेले. पेठेत महिनाभर वानर शोधणं चाललं होतं.

पुढं राजम्माला मुलगी झाली, आणि जगली. बारशाच्या आधी मल्लय्या दाराशी येऊन उभा राहिला. "पंत, नाव तुमी सांगा. राजी म्हनती, दुसऱ्या कुनाचं नको."

आबाजींनी साहेबांना खांद्यावरून खाली उतरवलं. मग म्हणाले, "शांता ठेव."

उंबऱ्याशी उभ्या असलेल्या गोदावहिनी एकदम आत निघून गेल्या. विणकराच्या मुलीला यांनी नाव द्यावं हे त्यांना रुचलं नसेल, असं मला वाटलं. पुष्कळ दिवसांनी एकदा मला वाढता वाढता त्या सहज बोलून गेल्या, "आमच्या थोरलीसाठी काढलेलं नाव ते. पाळणासुद्धा आणला होता यांनी. बारशापर्यंत राहिली नाही. नंतरचा मुलगाही तसाच गेला. तेव्हापासून ते नाव घरात कुणी घेतलं नव्हतं."

पोरगी मोठी झाली, धावू लागली. तिन्हीसांजेला मागच्या दारातून राजम्मा हाक मारी, "शांतम्मा! ए शांतम्मा!" त्या वेळी आबाजी पाटावर असले, तर त्यांचा हातातला घास तसाच थांबे. अंगणाच्या कुठल्यातरी कोपऱ्यातून पोरीनं ओ दिली, की मग ते जेवू लागत.