रडणं आधी उरकून घेण्याबाबत

मी वाहतूक खात्याच्या वेळापत्रक विभागात आहे. एखादी बस उशिरा का आली हे मी लेखी सिद्ध करू शकतो, आणि गरज पडली तर ती उशिरा आलीच नव्हती हेही. त्यामुळे मुलीच्या कॉलेजचे अर्ज भरायची वेळ आली तेव्हा घरात पुढाकार कुणी घ्यायचा हा प्रश्नच नव्हता.

व्यवस्था अशी असते. ज्या कॉलेजवर आपला सगळ्यात जास्त जीव आहे, तिथे इतरांच्या आधी अर्ज करता येतो आणि ते निकालही आधी लावतात. अट एकच. त्यांनी हो म्हटलं की जायलाच लागतं आणि बाकीचे अर्ज मागे घ्यावे लागतात. मुलगी, मी आणि तिच्या मुख्याध्यापिका, तिघांनी तशा सह्या केल्या होत्या. आमचा जीव ज्या कॉलेजवर होता ते मी निवडलं होतं. आमच्या साहेबांचा मुलगा तिथे शिकला.

अडचण पुढेच आहे. हा निकाल महिन्याच्या मध्याला लागतो आणि बाकीच्या कॉलेजांची मुदत महिनाअखेर संपते. आधीच सगळे अर्ज भरून ठेवले आणि इथे होकार आला, तर मेहनत पाण्यात. वाट बघत बसलो आणि नकार आला, तर जेमतेम पंधरवडा हातात. वरच्या मजल्यावरच्या मुलाचं असंच झालं. नकार आल्यावर तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, अगदी शेवटी उठला, आणि अर्जासोबत 'आमचंच कॉलेज का' असा निबंध द्यावा लागतो, त्यात घाईघाईत प्रत्येक कॉलेजला दुसऱ्याच कॉलेजचं कौतुक पाठवून मोकळा झाला.

या प्रकरणाचा मी अभ्यास केला. निबंध लिहायला फारसा वेळ लागत नाही, वेळ खातं ते दुःख. तेव्हा दुःख निकालाच्या आधीच उरकून घेतलं, तर नकार येताक्षणी मुलगी ताज्या मनाने कामाला बसेल. स्वयंपाकघरात बैठक घेऊन मी हा प्रस्ताव मांडला. बायको दातांची डॉक्टर आहे. ती म्हणाली, "खुर्चीत बसायच्या आधी ओरडून घेतलं म्हणून दाढ काढताना कुणी गप्प बसत नाही." तिचं मत नोंदवून घेऊन प्रस्ताव मंजूर करण्यात आला.

दुःखासाठी शनिवारची दुपार ठरली. मुलगी सोफ्यावर येऊन बसली, शहाण्यासारखी. मी म्हटलं, सुरू कर.

"बाबा, मला रडू येत नाहीये. अजून काही झालंच नाहीये."

"झाल्यावर वेळ नसतो," मी समजावलं.

ती बराच वेळ प्रयत्न करत होती, पण फक्त जांभई आली. शेवटी मी माझ्या बहिणीला बोलावलं. मुलीची ही आत्या लग्न, बदली, निवृत्ती काहीही असो, वेळेवर रडते. आत्याने पर्स बाजूला ठेवली आणि असा काही गळा काढला की शेजारीण चप्पल न घालता धावत आली. रंगीत तालीम चालू आहे असं तिला सांगणं बरं दिसलं नसतं. मी नुसता सुस्कारा सोडला. संध्याकाळपर्यंत मुलीला नकार आल्याचं अख्ख्या इमारतीला कळलं होतं आणि सोमवारी शाळेला.

मुख्याध्यापिकाबाईंनी तिला बोलावून पाठीवरून हात फिरवला. अपयश हसतमुखाने पचवणारी अशी मुलगी आपण पाहिली नाही, असं शिफारसपत्रात लिहिलं. आणि आता रडत बसू नकोस, बाकीचे अर्ज आजच सुरू कर, अशी तंबीही दिली. शाळेची आज्ञा मोडता येईना. म्हणजे ज्या मेहनतीची बचत करायची म्हणून सगळा खटाटोप केला, तीच मेहनत घरात सुरू झाली.

पण दुःखाचा गुण आला म्हणायचा. बाकीच्या कॉलेजांपैकी एक लहानसं, नदीकाठचं होतं. मी ते यादी भरावी म्हणून घातलेलं. तिथे म्हणे पहिल्याच वर्षी मुलं स्वतःच्या हातांनी लाकडाची बोट बांधतात आणि ती पाण्यात सोडून बघतात. बुडाली तर पुन्हा बांधतात. त्यांचा निबंध मुलीने एका बैठकीत लिहिला. मी सांगितल्याशिवाय. लिहिताना गुणगुणत होती. दुसऱ्या दिवशी फ्रिजवर बोटीचं चित्र लागलं, फळ्यांची मापं घालून. जेवताना ती लाकूड किती फुगतं यावर बोलायला लागली. एवढं बोलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

मग निकाल लागला. आम्ही सगळे संगणकाभोवती उभे होतो. पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस पडला आणि खाली लिहून आलं, अभिनंदन.

मुलगी रडायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत. मी बहिणीला म्हटलं, आनंदाश्रू आहेत. तिने एकदा मुलीकडे पाहिलं. "दादा, यातलं मला कळतं," ती म्हणाली. "हे आनंदाचं नाही."

"बाबा, नाही म्हणता येत नाही का?" मुलीने विचारलं.

मी तिला अट वाचून दाखवली. खाली तिची सही होती आणि माझी. तिने एकेक अर्ज मागे घेतला. नदीकाठच्या कॉलेजापाशी येऊन तिचा हात थांबला, आणि मग तोही घेतला. तेवढ्यात आवाज नसतानाही शेजारीण आलीच. "पुन्हा नकार?" तिने हळूच विचारलं.

बायको म्हणाली, "अहो, तिला कुठे जायचंय हे कधी विचारलं होतंत का?"

मी बैठकीचं इतिवृत्त काढून पाहिलं. तो विषय पटलावरच आलेला नव्हता. मला फार वाईट वाटलं, पण त्यासाठीचा शनिवार होऊन गेलेला.

आणि तुम्ही मला हसू नका. रंगीत कागद पडले तेव्हा तुम्हालाही हायसं वाटलं, हे मी इथून पाहिलं. अभिनंदन करायला जरूर या, सकाळपासून लोक येतच आहेत. मुलगी आतल्या खोलीत आहे. फ्रिजवरचं चित्र तिने स्वतःच काढून ठेवलंय, तेव्हा तिथे काय होतं हे तेवढं विचारू नका. तसंही, आतापर्यंत कुणी विचारलेलं नाही.