सत्तेचाळीस नंबरचा हिरवा

रंग ही डोळ्यांनी बघायची गोष्ट आहे, असा एक गैरसमज समाजात फार पूर्वीपासून पसरलेला आहे. वस्तुतः रंग ही कागदपत्रांनी सिद्ध करायची गोष्ट असून डोळ्यांचा संबंध आलाच, तर तो चष्मा शोधण्यापुरता. हे सत्य ज्या मोजक्या संस्थांना उमगले आहे, त्यांत छोटी रेल्वे हौशी मंडळाच्या रंगनिश्चिती उपसमितीचा नंबर बराच वर लागतो. (मंडळाचे सभासद अकरा. उपसमितीवर अकरा.)

उपसमितीचे चिटणीस पेशाने दातांचे डॉक्टर. दवाखान्याच्या मागच्या खोलीत, कवळ्यांच्या साच्यांशेजारी, त्यांनी सत्तेचाळीस नंबरच्या वाफेच्या इंजिनाचे वीतभर मॉडेल तयार केले होते. चाके फिरत, शिट्टी वाजे. रंगाखाली द्यायचा प्रायमरचा करडा हातही देऊन झाला होता. फक्त रंग बाकी होता. तो हिरवा, यावर एकमत होते. कुठला हिरवा, यावर चार वर्षे चर्चा चालू होती. खऱ्या इंजिनाचे फोटो तेवीस, सगळे कृष्णधवल, त्यामुळे मतभेदाला भरपूर वाव होता. एका गटाकडे त्याच इंजिनाच्या रंगाचा पोपडा होता, गर्द हिरवा. दुसऱ्या गटाकडेही पोपडा होता, चक्क पोपटी. आपापला पोपडा अस्सल असल्याचे दोघांनीही निर्विवाद सिद्ध केले होते. गर्दवाले आणि पोपटीवाले चहाला वेगवेगळ्या टेबलांवर बसत.

आता योगायोग असा, की सत्तेचाळीस नंबर ज्यांनी स्वतःच्या हाताने रंगवला, ते कारखान्यातले रंगारी डॉक्टरांचे सासरे होते आणि डॉक्टरांच्याच घरात, वरच्या मजल्यावर राहत होते. हयात, शुद्धीवर आणि बोलायला उत्सुक. काचबिंदूने त्यांची नजर उतरत चालली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी फार तर एक वर्ष सांगितले होते. म्हातारबुवांचे मागणे एकच.

"जावईबापू, माझी सत्तेचाळीस एकदा रंगात बघू द्या. काळोख पडायच्या आत."

"मामा, ठरावाचं काम आहे. येत्या बैठकीत नक्की."

"अहो, पण बाबांनाच विचारा ना कुठला हिरवा ते!" बायको म्हणाली.

ही सूचना ऐकून डॉक्टरांना बायकोची काळजी वाटली. नियमावलीत पुराव्यांची प्रतवारी स्पष्ट होती. पहिला दर्जा कारखान्याचा कागद, दुसरा फोटो, तिसरा पोपडा, चौथा 'कुठेतरी वाचल्याचे आठवते.' प्रत्यक्ष रंगवणारा माणूस पाचव्या दर्जात, कारण त्याचे त्या इंजिनात हितसंबंध गुंतलेले असतात.

तरीही घरची शांतता राखण्यासाठी त्या वर्षाच्या नवव्या महिन्यात सासऱ्यांची साक्ष ठेवण्यात आली. ते काठी टेकून उभे राहिले.

"डावी बाजू गर्द. मग डबा संपला. मुकादम म्हणाला, दुसरा फोड, असेल तो. म्हटलं, साहेब, शेड वेगळी दिसेल. तर म्हणे, इंजिनाच्या दोन्ही बाजू एकदम बघणारा माणूस अजून जन्माला यायचाय. म्हणून उजवी पोपटी."

 म्हणजे दोन्ही गट बरोबर होते. एवढा बाका प्रसंग उपसमितीवर कधी आला नव्हता. त्या दिवशी दोन्ही टेबले प्रथमच एकमेकांना जोडली गेली आणि एकमताने ठराव झाला: मूळ सत्तेचाळीस नंबरचे इंजिनच ऐतिहासिकदृष्ट्या चुकीचे रंगवलेले होते. सबब, योग्य रंग ठरेपर्यंत मॉडेलला ब्रश लावू नये आणि संबंधित रंगाऱ्याकडून पंधरा दिवसांत लेखी खुलासा मागवावा.

नोटीस चिटणिसांनीच काढली, तिच्यावर जावक क्रमांक टाकला आणि जिना चढून स्वतःच बजावली. (पोच घेतली.) सासऱ्यांना अक्षर लागेना, म्हणून मोठ्याने वाचूनही दाखवली. म्हातारबुवा ठसका लागेस्तोवर हसले. खुलासा मुलीने लिहून दिला: "डबा संपला."

त्यावर चर्चेला तीन बैठका लागल्या. तेवढ्यात वर्ष भरले. चिटणिसांनी चौकशी केली, पण मुदतवाढीची सोय डोळ्यांच्या शास्त्रात नाही, असे कळले.

एका दुपारी वरून हाक आली. "जावईबापू, आणा बघू तिला."

डॉक्टरांनी मॉडेल नेऊन त्यांच्या मांडीवर ठेवले.

"कुठला दिलात?"

डॉक्टरांनी मागे वळून पाहिले. सभासद कोणी नव्हते.

"डावी गर्द, मामा. उजवी पोपटी."

पुराव्याशिवाय केलेले हे त्यांच्या आयुष्यातले पहिलेच विधान. म्हातारबुवांनी धुराड्यापासून मागच्या टोकापर्यंत सावकाश अंगठा फिरवला. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून.

"वा," ते म्हणाले. "प्रायमर छान बसलाय."

पुढच्या इतिवृत्तात एका ओळीची भर पडली: अंगठ्याचा पुरावा, दर्जा सहावा.

हे वाचून वाचकांपैकी काहींना गलबलून आले असेल. त्यांनी खुशाल रडावे. पण डावी गर्द, उजवी पोपटी, तर मग इंजिनाचं पुढचं तोंड कुठल्या हिरव्यात होतं, असा प्रश्न ज्यांच्या मनात मघाशीच येऊन गेला, त्यांच्यासाठी सभासदत्वाचा अर्ज दवाखान्यात ठेवलेला आहे. सोबत एक फोटो जोडावा, कृष्णधवल. (मामांना परस्पर विचारू नये.)