बिनधुराचा टेम्पो

पवनचक्कीचं पातं आजही जागचं हललं नव्हतं. खाली खुशालराव बॅटरीवरच्या टेम्पोशेजारी उभे होते आणि टेम्पोत भरलेली संत्री उन्हात तापत होती. तिवशाचा बाजार नऊ किलोमीटरवर आणि दहानंतर व्यापारी थांबत नाही.

आखाडात सरकारच्या बिनधुराच्या गाडीच्या योजनेवाल्यांनी चक्की उभी केली, तेव्हा वारा असा सुटला होता की साहेबांची टोपी नाल्यापार गेली. ते पाहून खुशालराव हुरळले. सोयाबीनला भाव नाही, कपाशी बोंडअळीनं खाल्लेली, भरवसा उरला तो संत्र्याचा. त्यांनी बैलजोडी शेजारच्या कुर्बानला विकली आणि योजनेच्या टेम्पोसाठी आपला हिस्सा भरला. अटी दोनच होत्या. चार्जिंग फक्त वाऱ्याच्या विजेवर. घरच्या विजेला हात लावला की गाडी परत. आणि महिन्याला दोनशे किलोमीटर झाले नाहीत, तरी गाडी परत. दसऱ्यानंतर इकडे वारा पडतो हे शेंबडं पोरही सांगेल, पण पोराला विचारतो कोण!

"काहून उभे रायले असे तोंड पाडून?" बायको जमुना म्हणाली. "कुर्बानभाऊले आवाज द्या."

"आपलेच बैल आपनच मांगाचे? लाज नाई वाटत?"

"संत्रं सडल्यावर वाटून घेऊ लाज."

कुर्बान आला, टेम्पोभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "खुशालभाऊ, बैल देतो. फेरीमागं दोन क्रेट संत्री घेईन. पन याले जुपाचं कोठी?"

पुढच्या बाजूला दांडी बांधली, दांडीला जू. बैलांनी जुन्या मालकाला लगेच ओळखलं, टेम्पोला मात्र शेवटपर्यंत ओळख दिली नाही. हँडल धरून बैल हाकणारे खुशालराव पाहून बाजार पोट धरून हसला. माल मात्र विकला गेला. वारा काही आला नाही आणि बैलांच्या फेऱ्या सुरूच राहिल्या.

टेम्पोतलं यंत्र किलोमीटर मोजून ऑफिसला परस्पर कळवत होतं. महिनाअखेर योजनेचे साहेब बक्षिसाची ढाल घेऊन गावात हजर.

"दोनशे चौतीस किलोमीटर! धूर शून्य! जिल्ह्यात पहिले!"

खरं सांगावं तर गाडी जाणार. खुशालरावांनी हात जोडले. "साहेब, ढाल राहू द्या. वारा नसला त घरच्या विजेवर चार्जिंग करू द्या. अर्धा बगीचा तोडाचा हाय अजून."

"कमाल करता! वाऱ्यावर एवढं पळालात, आता घरची वीज कशाला?" साहेब हसले. "उलट पुढच्या महिन्यापासून तुम्हाला चारशे किलोमीटर."

टाळ्या वाजल्या. साहेबांची जीप गेल्यावर कुर्बान घुटमळला. "भाऊ, वाईट नोको मानू. उद्यापासून बैल हरभऱ्याच्या पेरनीले लागतात. पंधरा दिवस तरी."

खुशालरावांना साहेबांचा, वाऱ्याचा आणि स्वतःच्या अकलेचा सारखाच संताप आला. झाडांखाली तोडलेल्या संत्र्यांचे ढीग होते आणि उद्या बाजार होता. ते वाकले आणि त्यांनी जू उचलून वजन पाहिलं.

जमुनानं पदर खोचला. "मी डाव्या अंगाले लागू का उजव्या?"