घरी वाट कोण बघतं?

आमचे शेजारी अण्णासाहेब मॅजिस्ट्रेट जामिनाचा अर्ज आला की कागद बाजूला सारायचे, पगडी सावरायचे आणि आरोपीला विचारायचे, "घर पर राह कौन देखता है?"

म्हातारी आई, लेकरं, कोणी का असेना. वाट बघणारं माणूस निघालं की जामीन मंजूर. आम्ही वकील कलमं पाठ करून जायचो आणि ती तशीच परत आणायचो. मला याचा भारी राग यायचा. "वकीलसाहेब," ते म्हणायचे, "ज्याची वाट बघतात तो भागत नाही, तारखेला येतोच. बस, इतकी सीधी बात आहे."

शिंदेसरकारांचं राज्य मध्यभारतात विलीन झालं आणि दरबारी नोकरांपैकी कोणाला ठेवायचं, कोणाला घरी बसवायचं, याची छाननी सुरू झाली. अण्णासाहेबांची झोप उडाली. नेमका त्याच सुमारास माझा अशील पंचम त्यांच्यासमोर उभा राहिला. पडाव म्हणून टांग्यांचा अड्डा होता, तिथला टांगेवाला. सवारीवरून भांडण झालं आणि यानं दुसऱ्या टांगेवाल्याला चाबकानं फोडलं होतं.

"राह कौन देखता है?"

"कोई नहीं, हुजूर. एक घोड़ी है."

सरकारी वकील उठले. "हुजूर, घोड़ी जामिन कैसे होगी?"

"जामिन नहीं हो रही. राह देख रही है," अण्णासाहेब म्हणाले आणि पंचमला जातमुचलक्यावर सोडलं.

तारखेला छाननीचे साहेब इंदूरहून आले आणि अण्णासाहेबांशेजारीच खुर्ची टाकून बसले. घोडीची गोष्ट त्यांच्या कानावर गेलेलीच होती. चपराशानं पंचमचा पुकारा केला. कोणी नाही. पुन्हा पुकारा. अण्णासाहेबांची पगडी सावरून सावरून वाकडी झाली. यांची नोकरी घोडीपायी गेली, असं मी मनात म्हणतोय तोच पंचम धापा टाकत दारात आला. घोडीची नाल निखळली होती. तिला एकटी सोडवेना, म्हणून लगाम धरून पडावापासून पायी घेऊन आला होता. बाहेर ती खिंकाळली. छाननीचे साहेब खो खो हसले आणि जाताना म्हणाले, "आप तो हमारे यहाँ रहिए." नोकरी राहिली, माझा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी आम्ही दोघं छावणीतल्या आमच्या गल्लीत पायी परतलो. अण्णासाहेबांच्या दाराला नेहमीसारखं कुलूप. बायको जाऊन वर्षं लोटली होती, मूलबाळ नव्हतं. किल्ली हातात धरून ते तसेच उभे राहिले.

"घरी बसवलं असतं ना, वकीलसाहेब, तर मोठी पंचाईत होती. मला तोच सवाल विचारला असता कोणी, तर मी काय सांगणार होतो?"

इतकी वर्षं शेजारी राहून हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. समोर आमच्या ओट्यावर ही उभी होती.

"ती बघा," मी म्हणालो, "पिठलं करून केव्हाची वाट बघतेय. दोघांची."

अण्णासाहेबांनी ओट्याकडे पाहिलं. मग किल्ली खिशात टाकली, पगडी नीट केली आणि माझ्या आधी चालायला लागले.