आस्ता आत्याचं एकच कडवं

एकदा वाजवलेलं माणसाला पुन्हा वाजवायला लावू नये, हे माझं धंद्यातलं ब्रीद. मी गाणी रेकॉर्ड करतो आणि संगणकावर जोडतो. मला ढोलाचे चार ठोके द्या, त्यांच्यावर सगळा गाव पहाटेपर्यंत नाचवून दाखवतो! माझ्या सासऱ्यांनी, हेल्गेंनी, जन्मभर डेअरीत लोणी काढलं. त्यामुळे जे वजनकाट्यावर ठेवता येत नाही ते काम नव्हेच, असं त्यांचं मत आहे.

तर या हेल्गेंची सत्तरी आली. आमच्या डेन्मार्कात सत्तरी म्हणजे गाणं आलंच. घरचं कुणीतरी उत्सवमूर्तीच्या जन्मापासूनच्या हकिकती एखाद्या जुन्या चालीवर बसवतं, त्या छापून पाहुण्यांना वाटायच्या आणि सगळ्यांनी मिळून म्हणायच्या. माझ्या बायकोने, सिड्सेलने, लेखणी हातात घेतली ती बाप लग्नाला उभा राहायच्या आधीच दोन पानं भरली. आता साथीला अकॉर्डियन हवं, आणि ते घरात एकट्या आस्ता आत्याला येतं. आत्या म्हणजे हेल्गेंची सख्खी बहीण. पण त्यांच्या आईचं ओकचं जेवणाचं टेबल हेल्गेंनी उचलून आणल्यापासून भावाबहिणीचं बोलणं बंद! आईने ते मला देऊ केलं होतं, असं आत्या म्हणते. आईच्या पाठीमागे आई काय म्हणाली हे सगळ्यांनाच आठवतं.

"ती येणार नाही," सिड्सेल मला म्हणाली, "पण तिचं वाजवणं तरी ऐकू आलं ना, तर बाबा विरघळतील. तू जा. तुझं ती ऐकेल."

मी माइक घेऊन बोटीने आत्याच्या बेटावर गेलो. आत्याने कॉफी दिली, वेलदोड्याचा केक दिला आणि सांगितलं, "एक कडवं वाजवीन. त्याच्यावर एक सूरही मिळायचा नाही त्याला."

मला काय, एकच पुरे होतं! तिने वाजवलं, सुरेख वाजवलं. शेवटचा सूर लांबवत नेऊन सोडला आणि तो विरायच्या आत माइककडे बघत ठणकावून म्हणाली, "आणि टेबल माझंच आहे."

घरी आल्यावर मी त्या तुकड्याच्या प्रती काढून एकापुढे एक मांडल्या. कडव्यांपेक्षा दोन जास्तच, कमी पडायला नकोत. मग पहिल्या तुकड्याच्या शेपटातून ते टेबलाचं वाक्य कापून टाकलं. आता असं आहे की या संगणकात तुकडा दोन तऱ्हांनी वाढवता येतो. एका तऱ्हेत सगळे तुकडे एकमेकांना बांधलेले असतात, एकाला कात्री लावली की सगळ्यांना लागते. दुसरीत प्रत्येकाचा संसार वेगळा. मी पहिली तऱ्हा वापरली होती. म्हणजे, असं मला वाटत होतं. पहिलं कडवं ऐकलं, एकदम स्वच्छ! तेच ते पुढे कशाला ऐकत बसायचं?

गावाच्या सभागृहात सगळं गणगोत जमलं. डुकराचं भाजलेलं मांस, तांबडी कोबी आणि बटाटे पोटात गेल्यावर कागद वाटले गेले, सिड्सेलने बटण दाबलं आणि गाणं सुरू झालं. पहिल्याच कडव्यात हेल्गेंनी मान वर केली. तो लांबवलेला सूर त्यांनी ओळखला, डोळे पुसले. सिड्सेलने माझ्याकडे असं पाहिलं की लग्नाचा दिवस आठवला.

दुसरं कडवं संपलं आणि भिंतीवरच्या कर्ण्यातून आत्या गरजली, "आणि टेबल माझंच आहे."

हेल्गेंचा चेहरा कोबीच्या रंगाचा झाला. माझी पाचावर धारण बसली. उठून संगणक बंद करावा, तर आमच्याकडे गाताना एकमेकांच्या हातात हात अडकवून डोलायची पद्धत, आणि माझ्या एका बाजूला खाटीक फोल्मर, दुसऱ्या बाजूला त्याची बायको. ती पकड सोडवणं बैलाच्या बापाला जमलं नसतं. शिवाय सुरू झालेलं गाणं मध्येच थांबवणं आमच्यात शिष्टाचाराला धरून नाही. छप्पर पेटलं तरी उरलेली कडवी म्हणून मगच बाहेर पडू. पाहुण्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. हे ध्रुवपद छापायचं राहिलेलं दिसतंय, असं फोल्मर मला समजावू लागला. तिसऱ्या कडव्याला तो आत्याबरोबर म्हणू लागला. पुढच्याला अर्धं सभागृह. हेल्गे डेअरीत लागले, "आणि टेबल माझंच आहे!" हेल्गेंना मुलगी झाली, "आणि टेबल माझंच आहे!" सिड्सेल आता माझ्याकडे बघतच नव्हती, आणि ते जास्त वाईट.

शेवटचं कडवं रिवाजाप्रमाणे उभं राहून झालं. शब्द संपले, पण माझे जादा तुकडे शिल्लक होते ना! म्हणायला काहीच नाही, म्हणून सगळे गप्प उभे. एकटं अकॉर्डियन वाजत राहिलं. तो सूर लांबला, विरला, आणि त्या शांततेत आत्या एकटीच म्हणाली, "आणि टेबल माझंच आहे."

"मग ये ना घ्यायला!" हेल्गे कर्ण्यावर ओरडले. "कधीची वाट बघतोय मी! दर वेळी दारात गाडी वाजली की बघतो, तू आलीस का!"

यावर अकॉर्डियनने पुन्हा सगळं कडवं वाजवलं आणि तेच उत्तर दिलं. आधी हेल्गेच हसले. मग खुर्चीवर बसून चक्क रडले. सिड्सेलने त्यांच्या हातात फोन दिला. आत्याने उचलला. ते काय बोलले कुणाला कळलं नाही, कारण आम्ही सगळे आपल्याला ऐकू येत नाहीसं दाखवत होतो.

पुढच्या रविवारी आत्या आली. टेबलावर हात फिरवला आणि म्हणाली की हे माझ्या दारातून आत जायचं नाही, इथेच राहू दे, मी येत जाईन. तेव्हापासून ती दर रविवारी येते. सुपाच्या आधी सांगते टेबल कुणाचं, बटाट्यांच्या वेळी सांगते, केक आला की परत सांगते.

परवा हेल्गे हळूच माझ्या कानाशी वाकले. माझ्या कामाबद्दल त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच काही विचारलं. "जावईबापू, हे बंद कसं करायचं?"